कोटा-फ्री डाउनलोड म्हणजे काय भाऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला माझं मोबाईल आणि नेटचं छोटं दुकान आहे, त्याआधी त्याच गाळ्यात सायबर कॅफे होता, म्हणजे नेट आणि नेटचं मीटर या दोन गोष्टींतच माझी वीसेक वर्षं गेली. दिवसाला दोन-चार जण तरी येऊन विचारतात की भाऊ, अमुक ठिकाणाहून पिक्चर उतरवला तर डेटा कटत नाही म्हणे, खरंय का. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची बहीण परदेशात, ते फोनवर काहीतरी सांगतात आणि इथे रिचार्ज मारल्यावर भलतंच निघतं. लोकांचे कष्टाचे पैसे जातात हे बघवत नाही म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय, घाई असेल तर आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

कोटा-फ्री म्हणजे नेमकं काय?

समजा तुमचा प्लॅन महिन्याला ५० जीबीचा आहे आणि तुम्ही एका ऑनलाईन दुकानातून, म्हणजे जिथे गाणी, पिक्चर, गेम विकत मिळतात तिथून, ४ जीबीचा पिक्चर उतरवला. साध्या प्लॅनमध्ये ४६ जीबी उरतील, कोटा-फ्री असेल तर ५० च्या ५० तशाच राहतील, कारण त्या दुकानातून येणारा डेटा कंपनी मोजतच नाही. याला कुणी अनमीटर्ड म्हणतं, कुणी झिरो रेटिंग म्हणतं, गोष्ट एकच.

एक घोळ इथेच मिटवून टाकू. फुकट असतो तो डेटा, पिक्चर नाही. पिक्चरचे, गाण्याचे, गेमचे पैसे त्या दुकानाला द्यावेच लागतात. लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि तिथूनच पुढची सगळी गडबड सुरू होते.

हे सुरू कुठे झालं? आपल्याकडे तर कधी बघितलं नाही.

हे प्रकरण सगळ्यात जास्त गाजलं ऑस्ट्रेलियात. माझा चुलतभाऊ पर्थला असतो, त्याच्याकडून मला पहिल्यांदा कळलं. तिकडे घरच्या ब्रॉडबँडलासुद्धा बरीच वर्षं महिन्याचा कोटा असायचा आणि तो संपला की स्पीड पार बसायचा, म्हणून प्रोव्हायडर लोक गिऱ्हाईक ओढायला सांगायचे की आमच्याकडे या, अमुक दुकानाचा डेटा आम्ही मोजत नाही. पर्थमध्येच १९९३ साली सुरू झालेली आयआयनेट नावाची कंपनी, तिची फ्रीझोन म्हणून बिनमोजणीची सोय होती, त्यात ॲपलचं आयट्यून्स स्टोअर होतं, तिथल्या सरकारी एबीसी चॅनलचं आयव्ह्यू होतं, एक्सबॉक्सचं गेमिंग होतं. टेलस्ट्रा या तिथल्याच दुसऱ्या नेट कंपनीचं बिगपाँड नावाने स्वतःचंच गाण्यांचं आणि पिक्चरचं दुकान होतं, ते त्यांच्या गिऱ्हाइकांना मोजलं जायचं नाही. इंटरनोडवाले गेमच्या मोठमोठ्या फायली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचे आणि त्या बिनमोजणीच्या द्यायचे. मग २४ मार्च २०१५ ला नेटफ्लिक्स ऑस्ट्रेलियात सुरू झालं, तेही आयआयनेट आणि ऑप्टस यांनी कोट्याबाहेर ठेवलं.

पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. महिनाभरातच, एप्रिल २०१५ मध्ये, नेटफ्लिक्सने आपल्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात कबूल केलं की ऑस्ट्रेलियात असं करायला नको होतं आणि इथून पुढे टाळू. ज्याला फायदा होत होता त्यानेच असं म्हणावं यातून बरंच कळतं.

आपल्याकडे तेव्हा चित्रच वेगळं होतं. आयट्यून्स स्टोअर अमेरिकेत २००३ ला उघडलं, ऑस्ट्रेलियात २००५ ला आणि भारतात यायला डिसेंबर २०१२ उजाडला. फ्लिपकार्टने फ्लाईट नावाचं एमपीथ्री गाण्यांचं दुकान फेब्रुवारी २०१२ मध्ये काढलं आणि जून २०१३ मध्ये बंदही केलं. त्या काळात आपल्या बाजारात लोक मेमरी कार्ड घेऊन यायचे आणि गाणी भरून न्यायचे, ऑनलाईन दुकानातून एकेक गाणं विकत घेणारा माणूस मला तरी क्वचितच भेटला, मग त्याचा डेटा फ्री ठेवून कंपनीला काय मिळणार होतं.

पण कंपनीला फुकट द्यायला परवडतं कसं? डेटा तर डेटाच ना?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण इथे नेटचं पोट उघडून बघायला मिळतं.

सगळा डेटा सारख्या किमतीत पडत नाही. अमेरिकेतल्या सर्व्हरवरून एखादी फाईल तुमच्यापर्यंत यायची तर ती समुद्राखालच्या केबलमधून येते, त्या केबलवरच्या जागेचं भाडं तुमचा प्रोव्हायडर भरतो. तीच फाईल प्रोव्हायडरच्याच शहरात, त्याच्याच रॅकमध्ये ठेवलेल्या सर्व्हरवरून आली तर ते भाडं वाचतं. आयट्यून्सचा माल अकामाई नावाच्या कंपनीमार्फत यायचा, ही अकामाई जगभर प्रोव्हायडरच्या घरात आपले सर्व्हर ठेवते. नेटफ्लिक्सचे स्वतःचे असे डबे आहेत, गुगलचेही आहेत. एकाने पिक्चर मागवला की तो डब्यात येऊन बसतो, पुढचे हजार जण तिथूनच घेतात. याला कॅश म्हणतात, रोख पैशाचा कॅश नव्हे, जवळचा साठा. आपल्या घरी पाण्याची टाकी असते तसंच, एकदा भरली की दर तांब्याला विहिरीवर जावं लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पीअरिंग, दोन कंपन्या एका ठिकाणी तारा जोडतात आणि एकमेकांचा डेटा थेट देवाणघेवाण करतात, तिसऱ्याला पैसे देत नाहीत. भारतात यासाठी निक्सी नावाची संस्था २००३ पासून आहे.

म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या प्रोव्हायडरला आयट्यून्सचा डेटा आधीच स्वस्तात पडत होता, तो फुकट जाहीर केला की गिऱ्हाईक वाढतं आणि खर्च फारसा वाढत नाही. आणि जिथे असं नसतं तिथे दुकानवालाच प्रोव्हायडरला पैसे देतो की माझ्या गिऱ्हाइकाचा डेटा तू मोजू नको, मी भरतो. भांडण लागलं ते या दुसऱ्या प्रकाराने.

तिकडच्या लोकांचं तरी सगळं फ्री व्हायचं का?

छे. चुलतभावाचा पहिल्याच महिन्यात कोटा संपला होता, तो आयट्यून्सवाला फ्री समजून निवांत होता. दुकानातली फाईल फ्री असली तरी दुकानाच्या पानावरचे फोटो, शोध, पैसे भरायचं पान हे वेगळ्या सर्व्हरवरून येऊ शकतं आणि ते मोजलं जातं. प्रोव्हायडर काय करतो, तर सर्व्हरच्या पत्त्यांची एक यादी ठेवतो, यादीतल्या पत्त्यावरून आलं तर सोडायचं नाहीतर मोजायचं. तुम्ही व्हीपीएन, म्हणजे मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून नेट फिरवून आणणारं ॲप, लावलं की सगळा डेटा व्हीपीएनच्या पत्त्यावरून येतो, मग यादीशी जुळत नाही, मीटर पळतं. डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलला तरी तोच धोका, कारण अकामाईसारखे लोक तुमचा डीएनएस बघून जवळचा सर्व्हर देतात, तुम्ही दुसरीकडचा डीएनएस टाकला की सर्व्हरही दुसरीकडचा मिळू शकतो आणि तो यादीत नसतो. परदेशात कुणी नातेवाईक असेल आणि त्यांच्याकडे असा प्लॅन असेल तर त्यांना हे दोन मुद्दे जरूर सांगा.

मग भारतात असा प्लॅन का नाही मिळत?

कारण बंदी आहे. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेने, नियम काढला की कोणत्याही कंपनीने वेबसाईट किंवा ॲप बघून डेटाचा वेगवेगळा दर लावायचा नाही. एक साईट फुकट आणि दुसरी पैशाने, किंवा एक स्वस्त आणि एक महाग, दोन्ही चालणार नाही. मोडला तर दिवसाला ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत.

हा नियम आपोआप नाही आला आणि त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेटवरून होणाऱ्या कॉलला वेगळा पैसा लावायचं जाहीर केलं, लोक भडकले, ते मागे घ्यावं लागलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग आणलं, त्याचंच नाव पुढे फ्री बेसिक्स झालं, ठराविक साईट फुकट आणि बाकीचं नेट पैशाने. मार्च २०१५ मध्ये ट्रायने लोकांची मतं मागवली. एप्रिलमध्ये एअरटेल झिरो आलं, त्यात ॲपवाला पैसे भरणार आणि गिऱ्हाइकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं, लोकांनी एवढा आवाज केला की ते बाहेर पडलं. आणि ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे नेटवर सगळ्या साईटला सारखीच वागणूक, हा शब्दही ज्यांनी आधी ऐकला नव्हता अशा पोरांनी ईमेल केले, माझ्या दुकानात बसून कॉलेजच्या पोरांनी केलेले मी स्वतः बघितलेत. नियम आला आणि त्याच महिन्यात फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळलं.

पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारशी दिल्या आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या मान्य केल्या, म्हणजे दराबरोबर स्पीडमध्येही भेदभाव नको, कुठली साईट अडवायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही.

२०१६ च्या नियमात दोन सवलती आहेत. आणीबाणीच्या सेवेसाठी दर कमी करता येतो. आणि कंपनीच्या स्वतःच्या आतल्या बंद नेटवर्कवर जे काही आहे, जे बाहेरच्या इंटरनेटवर जातच नाही, त्याला हा नियम लागू नाही. ही दुसरी सवलत लक्षात ठेवा, केबलवाल्याच्या प्रश्नात लागेल.

फुकट मिळत असेल तर बिघडलं कुठं? गरिबाला मिळालं तर तुमचं काय जातंय?

हे मला एका आबांनी विचारलं होतं, चोपड्याकडचे केळीवाले शेतकरी, रागावूनच विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

म्हटलं आबा, पाटाचं पाणी आलं आणि पाटकऱ्याने सांगितलं की केळीला पाणी फुकट, कापसाला मोजून पैसे, तर पहिल्या वर्षी तुम्ही खुश, तुमची केळी आहे. दोन-तीन वर्षांत काय होईल? सगळे केळीच लावतील, कापूस लावायची कुणाची हिंमत होणार नाही, आणि मग शिवारात काय पिकवायचं हे शेतकरी नाही ठरवणार, पाटकरी ठरवेल. पुढे केळीचं पाणी फुकट ठेवायचं की नाही हेही तोच ठरवेल. आबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, हां, पाणी सगळ्या पिकाला एकाच भावाने पाहिजे.

आता हेच गाण्यांवर लावा. आपल्याकडे अहिराणी गाण्यांचं केवढं पीक आलंय बघा, लग्नसराईत डीजेवर अहिराणी लागल्याशिवाय वरात हलत नाही. ही गाणी करणारी पोरं धुळे, शिरपूर, पारोळा, साक्रीकडची, कुणी मोबाईलवर शूटिंग करतो, कुणी शेतातल्या घरात रेकॉर्डिंग करतो, आणि नेटवर टाकतो. त्याचं गाणं आणि मुंबईच्या मोठ्या कंपनीचं गाणं ऐकायला सारखाच डेटा लागतो. समजा मोठ्या कंपनीच्या दुकानातली गाणी कोटा-फ्री झाली आणि आपल्या पोराने स्वतःची छोटी साईट काढून तिथे गाणी विकायला ठेवली, तर ऐकणारा म्हणेल की याचं ऐकलं तर माझा डेटा कटतो, त्यांचं ऐकलं तर नाही. पोरगा गाणं चांगलं करून हरणार नाही, मीटरमुळे हरेल. मोठ्या दुकानाला प्रोव्हायडरला पैसे देणं जमतं, शिरपूरच्या पोराला नाही जमत. अहिराणीला पुस्तकं कमी, पेपर कमी, टीव्ही चॅनल नाही, जे काही आज उभं राहिलंय ते नेटवर उभं राहिलंय, आणि ते राहिलं कारण तिथे सगळ्यांना एकच भाव आहे.

गरिबाला फुकट द्यायला माझी ना नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायनेच सुचवलं होतं की खेड्यातल्या लोकांना महिन्याला १०० एमबी फुकट द्यावेत, कुठल्याही साईटसाठी. ते मला पटतं. डेटा द्या, काय बघायचं ते माणूस बघून घेईल.

बाकीच्या देशांनी काय केलं?

चिलीने २०१४ मध्येच फुकट सोशल मीडियाचे प्लॅन थांबवले. कॅनडात व्हिडिओट्रॉन कंपनीचा गाण्यांचा कोटा-फ्री प्लॅन होता, तिथल्या नियामकाने एप्रिल २०१७ मध्ये तो नियमात बसत नाही म्हणून सांगितलं. युरोपच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हंगेरीतल्या टेलिनॉरच्या प्लॅनवर आणि सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीतल्या टेलिकॉम आणि व्होडाफोनच्या प्लॅनवर विरोधात निकाल दिले. अमेरिकेत टी-मोबाईलने २०१४ मध्ये गाणी आणि २०१५ मध्ये व्हिडिओ कोट्याबाहेर ठेवले होते, व्हिडिओ मात्र ४८० पी क्वालिटीचाच यायचा. ऑस्ट्रेलियात घरच्या नेटला अनलिमिटेड प्लॅन सरसकट झाले आणि कोटा-फ्रीचं आकर्षण आपोआप गेलं, मोजायचंच नाही तर न मोजण्याची जाहिरात कशाला.

माझ्या रिचार्जवर ओटीटी फ्री लिहिलंय, मग पिक्चर बघताना डेटा कटतो का?

कटतो! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ओटीटी फ्री म्हणजे त्या ॲपची मेंबरशिप फ्री, जी एरवी विकत घ्यावी लागली असती. डेटा तुमचाच जाणार, वर सांगितलेल्या नियमामुळे कंपनी तो फुकट देऊच शकत नाही. एक ताई रडवेल्या होऊन आल्या होत्या, भाऊ नेट सकाळीच संपू राहिलं, पोरगं म्हणतं मी तर फ्रीवालंच बघतोय. दीड जीबी रोजचा प्लॅन, पोरगं सकाळी एचडीत एक पिक्चर बघत होतं, संपणारच ना. ॲपमध्ये जाऊन क्वालिटी डेटा सेव्हरवर टाकून दिली, प्रश्न मिटला.

ॲपमधलं डाउनलोडचं बटणही तसंच, डाउनलोड करताना डेटा पूर्ण लागतो, नंतर बघताना लागत नाही. आणि ती फाईल तुमची होत नाही बरं का, मेंबरशिप संपली की उघडत नाही. दुकानातून विकत घेतलेलं गाणं आणि हे, यात फरक आहे.

रात्री १२ ते ६ अनलिमिटेड असतं, ते नियमात कसं चालतं?

कारण त्यात वेळ बघितली जाते, साईट नाही बघितली जात. त्या वेळात गुगल बघा, अहिराणी गाणी बघा, शेतीचे व्हिडिओ बघा, सगळं सारखंच फ्री. व्होडाफोन आयडियाने २०२१ मध्ये असं रात्रीचं अनलिमिटेड आणलं. रात्री लाईन रिकामी असते, रिकाम्या लाईनवर डेटा गेला तर कंपनीचं फारसं काही जात नाही.

आमच्या पिढीला हे नवीन नाही. बीएसएनएलचा डेटावन ब्रॉडबँड २००५ च्या जानेवारीत आला, त्याच्या पुढच्या काही प्लॅनला रात्री २ ते सकाळी ८ मोजणी नव्हती. आम्ही डाउनलोड मॅनेजरला २ वाजून ५ मिनिटांचं टायमर लावायचो आणि आठच्या आधी बंद, म्हणजे मागेपुढे काही मोजलं जायला नको. २५६ केबीपीएसचं कनेक्शन होतं, सहा तास अखंड चाललं तर साधारण ६९० एमबी, म्हणजे रात्रीत बरोबर एक सीडी. सकाळी उठून आधी बघायचं की फाईल पूर्ण झाली का, मध्येच लाईट गेली असेल तर दुसरी रात्र. शेतीच्या लाईटची रात्रपाळी असते ना, रात्री उठून मोटर चालू करायला जावं लागतं, माझे वडील शेतावर मोटर चालू करायला निघायचे आणि मी दुकानात कम्प्युटर चालू करायला, दोघं एकाच वेळी दार उघडायचो.

आमच्या केबलवाल्याने सांगितलं यूट्यूब १०० च्या स्पीडने आणि बाकी ३० ने. हे बेकायदेशीर का?

हा थोडा नाजूक मामला आहे. गावोगावच्या छोट्या प्रोव्हायडरकडे गुगलचा किंवा दुसऱ्या मोठ्या कंपनीचा कॅश जवळच्या शहरात मिळतो, तिथून येणारा डेटा त्याला स्वस्त पडतो, बाहेरचा डेटा मात्र वरच्या मोठ्या कंपनीकडून विकत घ्यावा लागतो. कॅश जवळ असल्याने यूट्यूब आपोआप फास्ट चालणं वेगळं, त्याला कुणाची हरकत नाही, ट्रायच्या २०१७ च्या शिफारशींनीही कॅश आणि त्यासारख्या यंत्रणा नियमाबाहेर ठेवल्यात. पण बाकीचं नेट मुद्दाम दाबून ठेवणं, किंवा यूट्यूबचा वेगळा दर लावणं, हे नियमाच्या विरुद्ध जातं. कनेक्शन घेताना सरळ विचारा, दादा, कॅश सोडून बाकी साईटला खरा स्पीड किती. नुसत्या यूट्यूबवर किंवा स्पीड टेस्टवर जाऊ नका, स्पीड टेस्टचा सर्व्हरही बऱ्याचदा जवळच असतो. एखादी परीक्षेची साईट, बँकेची साईट, एखादी मोठी फाईल उतरवून बघा.

केबलवाल्याच्या लोकल सर्व्हरवर शेकडो पिक्चर आहेत, डेटा कटत नाही. ते चालतं का?

डेटाच्या नियमाने चालू शकतं, आतलं बंद नेटवर्क म्हणून. पण ते पिक्चर त्याने हक्क घेऊन ठेवलेत का? बऱ्याच ठिकाणी नसतात, आणि तो कॉपीराइटचा गुन्हा आहे. मी माझ्या गिऱ्हाइकांना त्याच्यासाठी कनेक्शन घ्या असं कधीच सांगत नाही.

अनलिमिटेड घेतलं तरी महिन्याच्या शेवटी स्लो का होतं?

अनलिमिटेडच्या आत एफयूपी असतो, म्हणजे एक मर्यादा, ती ओलांडली की स्पीड कमी होतो. फायबरच्या बऱ्याच प्लॅनला ३३०० जीबी असतो, म्हणजे दिवसाला ११० जीबी, साधं घर तिथपर्यंत जात नाही. तुमचं स्लो होत असेल तर कारण बहुतेक वायफायचं किंवा केबलचं असतं, भिंतीआड राउटर, उंदराने कुरतडलेली तार, उन्हाळ्यात ४५ डिग्रीत पत्र्याखाली तापलेला डबा. मोबाईलचं वेगळं, रोजचा डेटा संपला की ६४ केबीपीएस वगैरे राहतं, त्या स्पीडने १ जीबी उतरवायला जवळजवळ ३५ तास लागतील, मेसेज जातो तेवढंच.

भाचा म्हणतो गेम ९० जीबीचा आहे. दीड जीबीच्या पॅकवर कसा उतरवायचा?

नका उतरवू, दोन महिने जातील. फायबर असलेल्या मित्राकडे लॅपटॉप घेऊन जा. स्टीम या गेमच्या ऑनलाईन दुकानावर असेल तर सेटिंगमध्ये डाउनलोडचा भाग मुंबई ठेवा, वेळही लावता येते. आणि एकाच घरात किंवा कॅफेत दुसऱ्या कम्प्युटरवर तोच गेम आधीच असेल तर २०२३ पासून स्टीम तो घरातल्या नेटवर्कवरूनच कॉपी करून देतं, बाहेरचा डेटा जवळपास लागतच नाही. यापेक्षा चांगलं कोटा-फ्री डाउनलोड कुठलं!

डाउनलोड मध्येच तुटलं तर गेलेला डेटा परत मिळतो का?

नाही. जेवढं आलं तेवढं मोजलं. म्हणून जिथून तुटलं तिथून पुढे चालू होणारं ॲप वापरा, ब्राउझरमधून मोठी फाईल उतरवायला घेऊ नका. अपलोडही मोजलं जातं, व्हॉट्सॲपचा बॅकअप रोज रात्री मोबाईल डेटावर जात असेल तर तो वायफायवर टाका.

धडगाव, अक्कलकुव्याकडे तर रेंजच नाही, तिथे या सगळ्याचा काय उपयोग?

खरंय. सातपुड्यातल्या पाड्यावर माणूस फोन घेऊन टेकडीवर चढतो तेव्हा बोलणं होतं, त्याला कोटा-फ्री काय आणि कोटा काय. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची सरकारी योजना २०११ ला मंजूर झाली, आता तिला भारतनेट म्हणतात, पण पंचायतीपर्यंत आलेली तार पाड्यापर्यंत, शाळेपर्यंत नेणं हे काम खूप बाकी आहे. फ्री बेसिक्सच्या वेळी सांगितलं जायचं की हे खेड्यातल्या लोकांसाठी आहे. जिथे टॉवर नाही तिथे ॲप फुकट करून टॉवर उगवत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं की नाव त्यांचं घेतलं गेलं आणि त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही.

डेटा चुकीचा कापला असं वाटतंय, तक्रार कुठे करू?

आधी फोनच्या सेटिंगमध्ये डेटा युसेज बघा, कुठल्या ॲपने किती खाल्ला ते दिसतं, दहातले आठ जण तिथेच शांत होतात, ॲप अपडेट निघतं नाहीतर फोटोंचा बॅकअप. तरी जुळत नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, पैसे लागत नाहीत. ट्राय एकेका माणसाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून वाट बघत बसू नका. अपीलानंतरही काही झालं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाकता येते किंवा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्राहक आयोगात जाता येतं.

पॅक घेताना जाहिरातीचा, मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख दिसेल असा. अर्ज लिहायला जमत नसेल तर तो स्क्रीनशॉट आणि डॉकेट नंबर घेऊन दुकानात या, संध्याकाळी सहानंतर गर्दी कमी असते, बसून लिहून देतो.